रॅम घेण्याआधी तीन दिवस वही लिहा

रॅमवरचा व्हिडिओ टाकल्यापासून मला एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, माझ्या कॉम्प्युटरला किती जीबी टाकू?" उत्तर एका ओळीत देता येईल. दुकानदारी, फॉर्म भरणं, टॅली, बिलिंग यासाठी ८ जीबी, डिझाइन आणि साध्या एडिटिंगसाठी १६. झालं. पण या एका ओळीवर विसंबून तुम्ही पैसे खर्च करू नयेत असं मला वाटतं, म्हणून हे लिहितोय. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वतः रॅम विकतो. देवरूखात माझं दुकान आहे आणि गिऱ्हाईकाने रॅम घेतली तर मला दोन पैसे सुटतात. त्यामुळे माझं म्हणणंही पारखूनच घ्या.

जानेवारीत एक ताई दुकानात आल्या. त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं केंद्र आहे. कॉलेजची मुलं, शेतकरी, दाखल्यासाठी आलेली माणसं, सगळे तिथेच येतात. कॉम्प्युटर इतका हळू चालायचा की एक पीडीएफ अपलोड होईपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन यायचा. त्यांनी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून फोनवर कोटेशन घेतलं होतं, १६ जीबी रॅम, दोन स्टिक. बचत गटातून कर्ज उचलायचं ठरलं होतं, सहीच काय ती बाकी होती. मला फक्त विचारायला आल्या होत्या, "दादा, हा भाव बरोबर आहे का?"

भाव सध्याच्या बाजाराप्रमाणे बरोबर होता. पण त्या भावाने घ्यायची वस्तूच चुकीची होती. त्यांच्या मशीनकडे नंतर येतो, आधी भावाचं बोलू, कारण सध्या सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय.

२०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जे चढले ते पाहून माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराची झोप उडाली. ८ जीबीची जी साधी डीडीआर ४ स्टिक आपण सहज देत होतो, तिचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेला. मी इथे आकडा लिहीत नाही, कारण तुम्ही वाचाल तोवर तो बदललेला असेल. कारण मात्र समजून घ्या. जगातली बहुतेक मेमरी चिप तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एक खास, महागडी मेमरी लागते आणि तिच्यात या कंपन्यांना नफा जास्त. मग कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि तुमच्या-माझ्या डेस्कटॉपला लागणारा माल कमी पडला. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की त्यांचा ग्राहकांसाठीचा 'क्रूशियल' ब्रँडचा धंदा ते बंद करणार. आपल्याकडे कितीतरी दुकानदार डोळे झाकून क्रूशियल देत होते, मीही त्यातलाच.

हे काही पहिल्यांदा घडत नाहीये. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा गावी सुमितोमो केमिकलच्या कारखान्याला आग लागली. तिथे चिपच्या आवरणासाठी लागणारं एपॉक्सी रेझिन बनायचं, आणि जगाच्या पुरवठ्याचा मोठा वाटा त्या एका कारखान्यातून जायचा. रॅमचे भाव जगभर उसळले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला, तेव्हाही तेच. भाव चढतात आणि नंतर उतरतात. आंब्याच्या पेटीचा मार्चमधला भाव आणि मे अखेरचा भाव ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं समजावायला नको.

मग अशा वेळी घाबरून "अजून महाग होण्याआधी घेऊन टाका" म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. महाग झालेली वस्तू गरज नसताना घेतली तर तोटा दुप्पट होतो. उलट, रॅम स्वस्त होती तेव्हा अंदाजपंचे घेतली तरी चालून जायचं, चूक झाली तर हजार-दीड हजाराची. आता चूक परवडत नाही. म्हणूनच मोजायचं.

मोजायचं कसं? यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या टॅबवर जा आणि मेमरीवर क्लिक करा. किती जीबी आहे, त्यातली किती वापरात आहे, स्पीड किती, किती स्लॉट भरलेत आणि किती रिकामे, सगळं तिथे लिहिलेलं असतं. शेजारीच डिस्कचा आलेख असतो, तोही पाहा. आता एक साधी वही घ्या. तीन दिवस, दिवसातून चार वेळा, हे दोन आकडे लिहा. मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के. आणि तिसरा रकाना करा, त्या क्षणी समोर किती गिऱ्हाइकं उभी होती.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मोजू नका, तेव्हा सगळेच कॉम्प्युटर शहाणे असतात. खरी गर्दी असते तेव्हा मोजा. क्रोममध्ये पंधरा टॅब, व्हॉट्सॲप वेब, स्कॅनर, एक वर्ड फाइल आणि मागे प्रिंट चाललेली, असं सगळं सुरू असतानाचा आकडा खरा.

त्या आकड्यांचा अर्थ सांगतो. रॅम म्हणजे तुमच्या दुकानाचं काउंटर आणि डिस्क म्हणजे माळा. काउंटरवर जागा असेल तोवर हात पोचेल तिथे माल असतो. काउंटर भरलं की विंडोज काही माल गुपचूप माळ्यावर नेऊन ठेवतं आणि लागला की परत खाली आणतं. माळ्याची शिडी म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर प्रत्येक खेपेला दम लागतो. एसएसडी असेल तर शिडीच्या जागी जिना येतो. म्हणून गर्दीच्या वेळी मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही सतत १०० टक्क्यांना चिकटलेली असेल तर काउंटर अपुरं आहे. मेमरी ५०-६० टक्क्यांवर आणि डिस्क मात्र १०० असेल तर रॅम वाढवून काहीही होणार नाही, हार्ड डिस्क काढा आणि एसएसडी बसवा. दोन्ही आकडे कमी असूनही कॉम्प्युटर रडत असेल तर दोष दुसरीकडे आहे, इंटरनेट, प्रोसेसर, व्हायरस, किंवा समोरची वेबसाइटच. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख असते त्या रात्री पोर्टल लोड होत नाही, तेव्हा तुमच्याकडे १२८ जीबी असली तरी तुम्ही बसूनच राहणार.

आता तिसऱ्या रकान्याबद्दल, गिऱ्हाइकांच्या. हा माझा आवडता रकाना आहे. बीबीएला आम्हाला पेबॅक पिरियड शिकवला होता, म्हणजे गुंतवलेले पैसे किती दिवसांत वसूल होतात ते. परीक्षेत सूत्र लिहिलं, मार्क मिळाले आणि विसरलो. दुकान टाकल्यावर ते सूत्र नीट कळलं. समजा, हळू कॉम्प्युटरमुळे एका फॉर्मला दोन मिनिटं जास्त लागतात आणि दिवसाला वीस फॉर्म होतात. चाळीस मिनिटं गेली. एका फॉर्मला आठ मिनिटं धरली तर त्या चाळीस मिनिटांत आणखी पाच फॉर्म झाले असते. एका फॉर्मला तीस रुपये सुटत असतील तर दिवसाला दीडशे रुपये. तीन हजारांची सुधारणा वीस दिवसांत वसूल. वा!

पण थांबा. हे पाच फॉर्म भरायला माणसं बाहेर उभी होती का? नसतील तर वाचलेल्या चाळीस मिनिटांत तुम्ही मोबाइल बघणार. रांग असेल तरच वाचलेल्या वेळाचे पैसे होतात. आपल्याकडे जून-जुलैत प्रवेश आणि दाखल्यांची झुंबड असते, मग गणपतीच्या आधी बॅनर-पत्रिकांची, आणि उरलेलं वर्ष तसं निवांत. त्यामुळे वर्षभराचा हिशेब वीस दिवसांच्या हिशेबाने करू नका. यूट्यूबवर "बेस्ट इक्विपमेंटमध्ये इन्व्हेस्ट करा" म्हणून सांगणारे ट्रेनर पुष्कळ आहेत. मीही ट्रेनर आहे, त्यामुळे आमच्या जातीवर टीका करतोय असं समजा. पण ते मुंबई-पुण्याच्या स्टुडिओचा हिशेब तालुक्याच्या गावातल्या दुकानाला लावतात.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही.

दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. लग्नाचे फोटो काढणारे एक काका आले. विंडोज ७, ४ जीबी रॅम, अल्बम डिझाइन करताना फोटोशॉप अडकायचं. मी कॅबिनेट उघडलं, रिकामा स्लॉट दिसला, ४ जीबीची स्टिक लावली, पैसे घेतले आणि वरून मोठ्या ऐटीत सांगितलं, "काका, आता विमानासारखा पळेल." त्यांची विंडोज ३२ बिट होती. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरूच शकत नाही, कितीही स्टिक लावा. सेटिंगमध्ये सिस्टिमच्या माहितीच्या पानावर ३२ की ६४ हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पाहायला दहा सेकंद लागतात, मी पाहिलं नाही. काका भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते आलेच नाहीत. एप्रिल-मे च्या मुहूर्तात त्यांचे अल्बम उशिरा गेले, दोन पार्ट्यांनी पैसे अडवले आणि मग त्यांनी रत्नागिरीहून नवीन मशीन आणलं. हे मला वर्षभराने त्यांच्या भाच्याकडून कळलं. मी जाऊन पैसे परत द्यायला लागलो तर म्हणाले, "राहू दे रे, तू तरी कुठे शिकला होतास तेव्हा." ते वाक्य मला पैशापेक्षा महाग पडलं. ते काका, तो भाचा, त्यांच्या वाडीतली माणसं, कोणी माझ्याकडे परत आलं नाही. देवरूखसारख्या गावात एक गिऱ्हाईक एकटं जात नाही.

त्या दिवसापासून मी पाहणीची वेगळी फी घेतो. शंभर रुपये. रॅम घ्या, नका घेऊ, मशीन उघडून, मोजून, कागदावर लिहून देण्याचे शंभर. सुरुवातीला लोक हसले. "नुसतं बघायचे पैसे?" काही जण तोंडावर बोलून गेले. पण तुम्ही रिपेअरिंगच्या धंद्यात उतरणार असाल तर याचा विचार करा. तुमची कमाई जर फक्त वस्तू विकली तरच होणार असेल, तर तुमच्या तोंडून "घ्या" हाच सल्ला निघणार. माणूस वाईट असतो म्हणून नाही हो, महिनाअखेरीस दुकानाचं भाडं द्यायचं असतं म्हणून. शंभर रुपये खिशात आले की "ताई, तुम्हाला गरज नाही" म्हणायला जीभ अडखळत नाही.

आता प्रत्यक्ष खरेदी. इथे जिथे माणसं फसतात तेवढंच सांगतो, बाकी व्हिडिओत आहे.

डीडीआर ३, ४ आणि ५ या तीन वेगवेगळ्या पिढ्या आहेत आणि एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. खालची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाऊ नका, मदरबोर्ड जाईल. मशीनचं वय पाहून अंदाज येतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे डेस्कटॉप बहुधा डीडीआर ३ चे. सहाव्यापासून डीडीआर ४ आलं. बाराव्या पिढीपासून मात्र घोळ आहे, कारण तिथे एकाच चिपसेटचे बोर्ड काही डीडीआर ४ चे आणि काही डीडीआर ५ चे येतात. एएमडीवाल्यांचं सोपं आहे, एएम ४ सॉकेट असेल तर डीडीआर ४, एएम ५ असेल तर डीडीआर ५. अंदाजावर जाऊ नका, लावलेली स्टिक काढा, तिच्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि दुकानात दाखवा. बोर्डाचं नावही लिहून घ्या, कारण बोर्डाची कमाल मर्यादा असते. जुना एच ६१ किंवा एच ८१ बोर्ड १६ जीबीच्या पुढे जात नाही, एच ११० हा ३२ पर्यंत जातो.

दुसरी फसगत स्पीडची. स्टिकवर ३२०० लिहिलंय म्हणून ती ३२०० ने पळेलच असं नाही. प्रोसेसर आणि बोर्ड जेवढं झेपेल तेवढंच देतात. सहाव्या पिढीचं इंटेल डीडीआर ४ ला २१३३ ने चालवतं, सातवी पिढी २४०० ने. तिथे ३२०० ची स्टिक लावली तर ती मुकाट्याने हळू चालेल. बिघडणार काही नाही, पण जास्त स्पीडसाठी जास्त पैसे मोजले असतील तर ते पाण्यात. तसंच दोन वेगळ्या स्पीडच्या स्टिक एकत्र लावल्या की दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात. आणि स्टिकवरचे रंगीत लाइट? कॅबिनेट टेबलाखाली, त्यावर धुळीचा थर, कोण बघणार आहे?

ऑफिसातून निघालेली जुनी मशीन हल्ली खूप येतात. त्यातले जे छोटे, पुस्तकाएवढे डबे असतात त्यांना बहुतेक वेळा लॅपटॉपची रॅम लागते, डेस्कटॉपची लांब स्टिक आत जाणारच नाही. ऑल-इन-वनचंही बहुधा तसंच. उलट बाजूने, ऑनलाइन फार स्वस्तात १६ जीबीची डीडीआर ३ दिसली तर सावध. ती सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी मेमरी असू शकते, साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. किंवा फक्त एएमडी बोर्डवर चालणारी असते आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जुनी स्टिक घ्यायला हरकत नाही, रॅम झिजणारी वस्तू नाही. पण घेतल्यावर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, जमलं तर मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा, आणि चालली नाही तर परत घेण्याची बोली आधी करा.

एक मोठी स्टिक की दोन छोट्या? दोन स्लॉट सारख्या मापाने भरले की मेमरी दोन रस्त्यांनी चालते, ड्युअल चॅनेल म्हणतात ते. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला याचा फायदा जास्त जाणवतो, कारण त्याचं चित्र दाखवण्याचं कामही याच रॅममधून चालतं. तुमच्याकडे ८ ची एक आहे आणि स्लॉट रिकामा आहे? मग तशीच आणखी एक ८ ची घ्या आणि विषय संपवा. जुनी काढून १६ ची नवी घेऊ नका. "पुढे लागेल" म्हणून ३२ तर आजच्या भावात अजिबात नको. पुढे लागेल तेव्हा पुढे बघू. तोवर भाव कदाचित उतरतील, कदाचित तुम्ही मशीनच बदलाल.

बिल घ्या. नव्या चांगल्या ब्रँडच्या रॅमला वॉरंटी लांबलचक असते आणि बिल नसेल तर ती वॉरंटी कागदाचीही नाही. रॅमवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल तर तो इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, फक्त बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. "बिलाशिवाय दोनशे कमी" हा सौदा नोंदणी असलेल्याला बहुतेक वेळा तोट्याचाच पडतो, करून बघा हिशेब.

फ्लेक्स आणि बॅनरवाल्यांसाठी वेगळं सांगायचंय, कारण शिमगा तोंडावर आहे आणि यातले निम्मे मेसेज त्यांचेच आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना रॅम नाही, सवय बदलायला हवी. ८ बाय ६ फुटांचा फ्लेक्स फोटोशॉपमध्ये ३०० डीपीआयला उघडला तर फाइल २८,८०० बाय २१,६०० पिक्सेलची होते. म्हणजे ६२ कोटींहून जास्त पिक्सेल. सीएमवायकेमध्ये एका पिक्सेलला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एकच लेयर अडीच जीबीच्या घरात जातो. त्यावर साहेबांचे फोटो, बॅकग्राउंड, सावल्या, असे पाच-सहा लेयर. १६ सोडा, ३२ जीबीही घामाघूम होईल. तीच फाइल ७२ डीपीआयला करा. ६,९१२ बाय ५,१८४ पिक्सेल, आणि एक भरलेला लेयर १४३ एमबीच्या आसपास. सतरापट फरक. रस्त्याकडेला वीस फुटांवरून बघायच्या बॅनरला ७२ पुरतं, छपाईवाल्याला विचारून खात्री करा. हा सल्ला देऊन मी स्वतःचं गिऱ्हाईक घालवतोय हे मला माहीत आहे. पण तोच माणूस पुढच्या वेळी प्रिंटर घ्यायला येतो, हाही माझा अनुभव.

आणि कोकणातल्या मंडळींनी एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात मशीन चार-पाच दिवस बंद राहिलं, मग चालू केल्यावर नुसता बीप-बीप आवाज, स्क्रीन काळी, की लगेच रॅम गेली म्हणून नवी घेऊ नका. दमटपणाने स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. प्लग काढा, स्टिक काढा, खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका, परत बसवा. मी यासाठी पैसे घेत नाही, पण तुम्ही घ्यायला हरकत नाही.

तर त्या ताई. त्यांचं मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीचं, ४ जीबी डीडीआर ३ ची एक स्टिक, एक स्लॉट रिकामा, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. मी त्यांना वही लिहायला सांगितली. चौथ्या दिवशी वही घेऊन आल्या. पहिल्या दोन दिवसांची पानं मोत्यासारख्या अक्षरात भरलेली, तिसऱ्या दिवशी फक्त "लाईट नव्हती". दुपारी बारा ते दोन मेमरी ९० च्या वर, डिस्क १०० ला, समोर चार-पाच माणसं. म्हणजे गरज खरीच होती. रॅम कमी होती आणि डिस्कही हळू होती.

तरीसुद्धा १६ जीबी घेऊ नका असं मी सांगितलं. कारण वेगळं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची जादा सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच म्हणून जाहीर झाली होती. आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तिथे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर रोज लोकांचे आधार, पासबुक, जातीचे दाखले येतात. अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर हे ठेवणं योग्य नाही. मग डीडीआर ३ मध्ये ओतलेले पैसे पुढच्या मशीनमध्ये नेता येतात का? नाही, ती स्टिक नव्या मशीनमध्ये बसणारच नाही. माझं मत स्पष्ट होतं. त्याच पैशात थोडी भर घालून आठव्या पिढीचं किंवा पुढचं जुनं मशीन घ्या, ८ जीबीची एकच स्टिक आणि एक स्लॉट रिकामा असलेलं. भाव उतरले की दुसरी स्टिक.

ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं बरोबर आहे. पण थोडी भर म्हणजे माझ्यासाठी थोडी नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून कागदावर हिशेब मांडला. माझ्याकडे भंगारात आलेल्या मशीनमधली ४ जीबी डीडीआर ३ ची स्टिक पडून होती, ती तपासून लावली. २५६ जीबीची एसएसडी बसवली, ती पुढच्या मशीनमध्ये जाऊ शकते म्हणून तिच्यावर खर्च केला. बचत गटाचं कर्ज घ्यावं लागलं नाही. जून-जुलैच्या गर्दीत रोजच्या गल्ल्यातून शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे आणि ऑक्टोबरच्या आत मशीन बदलायचं असं ठरलंय. तोवर लोकांची कागदपत्रं काम झालं की त्याच दिवशी मशीनवरून काढायची, हेही त्यांनी कबूल केलंय. मला स्वतःला हा तोडगा पूर्ण पटलेला नाही. पण धंदा त्यांचा आहे, आणि डबा त्यांनी प्रिंटरच्या शेजारी ठेवलाय, परवा गेलो होतो तेव्हा पाहिला.

तुम्ही वही लिहिलीत तर पानाचा फोटो पाठवा. मशीन उचलून आणू नका, आधी आकडे बघू.